पुन्हा गाडीवर बसताना
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

जेवणंखाणं उरकली असतील, कुणी भांडी घासत असेल, कुणी उद्याची भाजी निवडत असेल. हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

आम्ही पणदऱ्याच्या एका बचत गटातल्या बायका बोलतोय. आज आम्ही लोणच्या-पापडाचं किंवा कर्जफेडीचं बोलणार नाही. आमच्यातल्या एका वहिनींचा पाय मोडला आणि त्या पुन्हा गाडी चालवायला कशा लागल्या, ते सांगणार आहोत. नाव सांगू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून आम्ही त्यांना नुसतं वहिनीच म्हणू. त्या इथंच आमच्या शेजारी बसल्यात. आमचं काही चुकलं तर चिमटा काढतील.

बारामती-इंदापूरकडच्या बायकांना गाडी म्हणजे काय ते सांगायला नको. पणदऱ्याहून माळेगावमार्गे बारामती गाठायची तर एसटी आहे, पण ती तिच्या वेळेला येते, आपल्या नाही. घरात स्कूटी आली तेव्हा वहिनींचं सगळंच बदललं. ब्लाउज शिवायचा त्यांचा धंदा. अस्तर, हुक, फॉल आणायला त्या स्वतः बारामतीला जायच्या. सासूबाईंना डोळे दाखवायला न्यायच्या, लेकीला क्लासला सोडायच्या. आणि आमच्या गटाचे पैसे बँकेत भरायलाही त्याच जायच्या, कारण आमच्यात गाडी येणाऱ्या त्या एकट्याच.

तीन वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामातली गोष्ट. बँकेचं काम उरकून त्या परत येत होत्या. मागे आमच्यातलीच एक बसली होती. दिवस मावळला होता. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. तिच्या मागे ना दिवा, ना चकाकणारी लाल पट्टी. ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. वहिनींनी गाडी वळवली, चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं आणि गाडी डाव्या पायावर पडली. मागे बसलेली बाजूच्या गवतात पडली, तिला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. वहिनींच्या डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण डाव्या नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला.

इथवरचं तुमच्याही गावात घडलं असेल. पण त्यानंतर जे झालं, त्यात चूक आमची होती. तीच सांगायला आम्ही आलोय.

आम्ही बघायला गेलो. फळं नेली, रात्री सोबतीला थांबलो, घरच्या भाकऱ्या थापल्या. यात कसूर केली नाही. पण दर वेळी उठताना म्हणायचो, "वहिनी, जीव वाचला हेच खूप. आता गाडीचं नाव काढू नका." सासूबाई तेच म्हणायच्या, भाऊजी तेच म्हणायचे. भाऊजींनी तर गाडीला गिऱ्हाईकही बघितलं होतं. आम्हाला वाटायचं, आपण मायेनं बोलतोय. माया होतीच. पण त्या आमच्या कामाला गेल्या होत्या, त्याची बोचणीही होती. त्या पुन्हा गाडीवर बसल्याच नाहीत तर आपल्याला पुन्हा काळजी नको, असा आमचाही स्वार्थ त्यात होता. हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

पाच-सहा महिन्यांत हाड जुळलं. वॉकर सुटला, काठी सुटली. पण गाडी गोठ्यात गोणपाटाखाली उभी राहिली. अस्तर आणायचं तर भाऊजींना कधी वेळ होईल त्याची वाट बघायची. एसटी चुकली की अर्धा दिवस गेला. गिऱ्हाइकं दुसरीकडं जायला लागली. एका बैठकीत आम्ही सहज विचारलं, "पाय कसाय आता?" त्या म्हणाल्या, "पाय दुखतो त्याचं काही वाटत नाही. पण घराबाहेर पडायचं म्हटलं की कुणाला तरी विचारावं लागतं, ते दुखतं."

त्या दिवशी बैठकीत हिशोब झालाच नाही. मग हळूहळू एक गोष्ट बाहेर आली. सगळी शेतात गेलेली असताना वहिनींनी एकदा एकटीनं गाडी काढून बघितली होती. अंगणातच हात थरथरले, डावा पाय टेकताना लचकला आणि गाडी आडवी झाली. कशीबशी उचलली, पुन्हा गोणपाट टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून त्यांनी धरलंच होतं की आता आपल्याला जमणार नाही. आम्ही म्हटलं, वहिनी, जमलं नाही कारण तुम्ही एकट्या होता. आता आपण सगळ्या मिळून बघू.

पहिलं काम केलं ते डॉक्टरांना विचारण्याचं. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. चालता यायला लागलं म्हणजे गाडी चालवता येते, असं नाही. नडगीचं हाड भरायला साधारण चार ते सहा महिने लागतात, कधी जास्तही. हाड जुळलंय का ते एक्स-रेमध्ये दिसतं, आपल्या अंदाजानं कळत नाही. आम्ही कागदावर प्रश्न लिहून नेले. हाड पूर्ण भरलंय का? या पायावर सगळा भार टाकला तर चालेल का? गाडी कलली तर ती पायावर तोलता येईल का? चालू गोळ्यांनी झोप किंवा गुंगी येते का? आणि कोणता व्यायाम राहिलाय? डॉक्टर म्हणाले, हाड भरलंय, पण मांडी बारीक झालीय. आधी पायात ताकद आणा, मग गाडी.

ती ताकद यायला दोन महिने गेले. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी घरी करायचे व्यायाम दाखवले. बसून पाय सरळ करायचा आणि गुडघा खाली दाबून धरायचा. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. पायरी चढायची, उतरायची. ओट्याला हात ठेवून एका पायावर उभं राहायचं, मग हात सोडायचा. वहिनी चुलीवर दूध ठेवलं की ते उतू येईपर्यंत एका पायावर उभ्या राहायच्या. आधी दहा आकडे मोजेपर्यंतही जमत नव्हतं. आम्ही ठरवलं, दुखऱ्या पायावर न धरता तीस मोजेपर्यंत उभं राहता आलं, खाली बसून उठता आलं आणि दचकून एकदम पाय टेकवला तरी कळ आली नाही, तर गाडीला हात लावायचा. हे आमचं माप आहे. तुमचं माप तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सगळ्यांचं मोडणं सारखं नसतं.

आता गाडीचं. स्कूटीचे दोन्ही ब्रेक हातात असतात, गिअर नसतो. पायाला दुखापत झालेल्या बाईला ती सोयीची. मोटारसायकलला डाव्या पायानं गिअर टाकायचा आणि उजव्या पायानं मागचा ब्रेक दाबायचा असतो, म्हणजे दोन्ही पायांत जोर आणि हालचाल पाहिजे. पण स्कूटीचंही वजन शंभर किलोच्या आसपास असतं. ती कलली तर पायावरच पेलायची असते. म्हणून सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे पुरते जमिनीला टेकतात का, हे आधी बघायचं. वहिनींची नुसती बोटं टेकत होती. गावातल्या मिस्त्रीनं सीटचा फोम थोडा कापून दिला, मग पाय टेकले.

दुसरी गोष्ट आम्हाला आधी सुचलीच नव्हती. आपण थांबताना सवयीनं डावा पाय टेकवतो, आणि वहिनींचा दुखरा पाय डावाच. बरं, आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते. आपण डाव्या कडेनं जातो, त्यामुळं डावा पाय आणखी खाली जातो आणि गाडी तिकडंच कलते. वहिनींनी उजवा पाय टेकवायची नवी सवय लावून घेतली. मात्र उजव्या बाजूनं गाड्या जातात. म्हणून रस्त्यात मध्येच थांबायचं नाही, आधी बाजूला घ्यायचं आणि सपाट जागा बघून थांबायचं. मोठा स्टँड लावायला पायाचा जोर लागतो, म्हणून सुरुवातीला नुसता साइड स्टँड. किक नाही, बटन स्टार्ट. गाडी बरीच दिवस उभी होती म्हणून ब्रेक, टायरची हवा, बॅटरी आणि दिवे मिस्त्रीकडून बघून घेतले. साडी असेल तर पदर खोचायचा, ओढणी असेल तर गाठ मारायची, आणि मागच्या चाकाला साडी गार्ड हवाच.

शिकवणी सुरू झाली ती शाळेच्या मैदानावर, रविवारी सकाळी. पहिल्या रविवारी गाडी सुरूच केली नाही. नुसती हातानं ढकलत मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. आम्ही दोघी दोन बाजूंना. गाडीचं वजन अंगाला पुन्हा ओळखीचं झालं. दुसऱ्या रविवारी बसून, इंजिन बंद ठेवून, पायांनी रेटत पुढं. तिसऱ्या रविवारी इंजिन सुरू केलं. आवाज आला आणि वहिनींचे डोळे भरले. त्या उतरल्या. आम्ही काही बोललो नाही, डब्यातली थालीपीठं काढली आणि खाल्ली. त्या दिवशी तेवढंच झालं.

इथं आम्ही एक शिकलो. भीती वाटणाऱ्या माणसाला "काही होत नाही" म्हणू नये. तिला झालेलं असतं. त्यापेक्षा विचारावं, "आज कुठवर जायचं?" तिनं सांगावं, तेवढंच करावं, आणि करून झाल्यावर थांबावं. वहिनींची भीती अशी टप्प्याटप्प्यानंच उतरली. पण कुणाला अपघात सारखा डोळ्यांपुढं येत असेल, झोप लागत नसेल, रस्त्यावर गेलं की छाती धडधडत असेल आणि हे महिनोन् महिने चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगावं. सरकारची टेलि-मानस नावाची फोन सेवा आहे, नंबर 14416. तिथं मोफत आणि मराठीत बोलता येतं. पाय मोडल्यावर दवाखान्यात जायला आपण लाजत नाही, मग मनाचं सांगायला का लाजायचं?

चौथ्या रविवारपासून गाडी चालायला लागली. सरळ जाणं, थांबणं. पुन्हा सरळ जाणं, थांबणं. थांबायचा सराव आम्ही सगळ्यात जास्त केला. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबायचे. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर वाळूवर, चिखलावर, सांडलेल्या पाचटावर चाक घसरतं. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या लहान नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो अशी सोय सक्तीची झाली. पण वहिनींची गाडी त्याआधीची, त्यामुळं हातालाच सवय लावावी लागली. मग आठचा आकडा काढायचा, लायसनच्या परीक्षेत काढतात तसा. तो बिनचूक आला त्या दिवशी मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनीच टाळ्या वाजवल्या.

गावातला रस्ता झाला, वाडीचा रस्ता झाला. राहिली ती जागा. वहिनी म्हणाल्या, तिथून गेल्याशिवाय मला बारामती लांबच. एका सकाळी आम्ही चौघी आधी चालत तिथं गेलो. दिवसाउजेडी बघितलं तर साधा रस्ता. कडेला खड्डा तसाच होता. वहिनी तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी गाडीवरून गेल्या, भाऊजी मागून मोटारसायकलवर. त्याच भाऊजींनी गाडीला गिऱ्हाईक बघितलं होतं! परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "माझ्यापेक्षा सावकाश चालवते." सासूबाईंनी मीठमोहरी ओवाळून टाकली.

आणि त्या दिवशी मागे बसलेली आमची मैत्रीण? तिला लागलं नव्हतं, म्हणून तिला कुणी काही विचारलंच नाही. पण ती त्या दिवसापासून कुणाच्याच गाडीवर बसत नव्हती. लेकाच्याही नाही. आम्ही सगळ्या वहिनींच्या मागे होतो, हिच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी वहिनीच तिच्या दारात गाडी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "बस. शाळेपर्यंतच जाऊ." ती बसली. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. शाळेपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मैत्रिणींनो, न लागलेल्यालाही लागलेलं असतं, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही म्हणाल, आडगावच्या बाईची ही काय मोठी गोष्ट? मग एक मोठीही सांगतो. मुंबईत वाढलेली मानसी जोशी. डिसेंबर 2011 मध्ये दुचाकीवरून कामाला जाताना तिला ट्रकची धडक बसली आणि डावा पाय कापावा लागला. कृत्रिम पाय बसवून ती पुन्हा चालायला शिकली आणि लहानपणापासून खेळत आलेलं बॅडमिंटन पुन्हा खेळायला लागली. ऑगस्ट 2019 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावी ती अपंग खेळाडूंच्या बॅडमिंटनमध्ये जगज्जेती झाली. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. ते उपचार म्हणून पोहायला लागले आणि 1972 साली जर्मनीतल्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यातलं सुवर्णपदक घेऊन आले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांचं वाचताना आम्हाला एक गोष्ट जाणवली. पदक शेवटी आलं. आधी उभं राहणं, पाऊल टाकणं, तोल सांभाळणं होतं. आमच्या वहिनी चुलीपुढं एका पायावर उभ्या राहायच्या, ते त्याच जातीचं काम.

आता थोडं कामाचं. गाडी घरात सगळ्यांची, पण कागद कुणाच्या नावावर आहेत? विम्यात मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो. तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतो, मोडलेल्या हाडाच्या बिलासाठी नाही. आणि तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच लागू होतो, तेही त्याच्याकडं लायसन असेल तर. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, तर हा विमा बायकोला नाही. वहिनींची गाडी भाऊजींच्या नावावर होती, हे आम्हाला अपघातानंतर कळलं. तुमचे कागद आजच काढून बघा. आणि लायसन नसेल तर काढा. चालवता येतं म्हणून चालतं, असं नाही.

हेल्मेट चालवणारीनं घालायचं तसंच मागे बसणारीनंही घालायचं, कायदा दोघींना आहे. अपघात झाला तर 108 ला फोन लावा, अँब्युलन्स मोफत येते. 112 लावून पोलिसांना कळवा. केंद्र सरकारनं मे 2025 पासून योजना आणलीय, तिच्यात अपघातग्रस्ताला नेमलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार मिळू शकतात. दवाखान्यात पाऊल टाकताच तिच्याबद्दल विचारा. आणि रस्त्यात पडलेल्याला उचलायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

हंगामात आमचा गट आणखी एक काम करतो. घरच्या किंवा ओळखीच्या ट्रॉलीला मागून लाल चकाकणाऱ्या पट्ट्या लावतो. खर्च फार नाही. ट्रॉलीवाला दादा आधी हसतो, मग स्वतःच पुसून जागा करून देतो. ऊस आपला, ट्रॉल्या आपल्या, रस्त्यावरच्या लेकीबाळीही आपल्याच.

शेवटी एकच. अपघातानंतर एखादीला पुन्हा गाडी नकोच वाटली तर तिला भरीस पाडू नका. पाय पहिल्यासारखा होणार नसेल, तर बाजूला चाकं लावलेली गाडीही असते. ती आरटीओत नोंदवावी लागते. नाहीतर एसटी आहेच. पण "नको" हे तिनं म्हणायचं, आपण तिच्या वतीनं म्हणायचं नाही. आम्ही ते म्हणत राहिलो आणि तिचं एक वर्षाहून जास्त गोठ्यात गोणपाटाखाली गेलं.

आता वहिनी काय करतात? मागच्या महिन्यात गटाचे पैसे भरायला त्याच बारामतीला गेल्या. अंधार पडायच्या आत परतल्या. पावसाळ्यात नडगी ठणकते, तेव्हा गाडी काढत नाहीत. आणि आता गटातल्या आणखी दोघी रविवारी त्याच मैदानावर त्यांच्याकडून गाडी शिकतात. पहिल्या दिवशी त्या गाडी सुरू करू देत नाहीत. नुसती ढकलायला लावतात.

तुमच्याही वाडीत एखादी गाडी गोणपाटाखाली उभी असेल. उद्या त्या घरी जा, चहा घ्या आणि तिला विचारा, "आज कुठवर जायचं?"